गॅसवाली शांताक्का

मल्लेश खवेवाल्याशी लग्न होऊन शांतव्वा चिक्कोडीकडून कुरुंदवाडला आली, तेव्हा तिला मराठी समजायचं, पण बोलताना ती अडखळायची. पुढं ती इतकं ठसक्यात बोलायला लागली की नदीकाठच्या गावागावांत बायका तिला ओळखू लागल्या. नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्या तिला गॅसवाली अक्का म्हणायच्या.

हे काम तिच्याकडं आलं ते १९९५च्या सुमारास. कोल्हापुरात, राजारामपुरीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एका संस्थेचं ऑफिस होतं. गरीब घरांना गोबरगॅस बांधून द्यायचा आणि त्यासाठी सरकारची जी काही योजना असेल ती त्यांच्या दारापर्यंत आणायची, हे संस्थेचं काम. तिथले उदयसिंह साहेब कळकळीचे होते. पण ते गावात गेले की त्यांच्यासमोर पुरुष येऊन बसायचे आणि चूल फुंकणाऱ्या बायका दाराआड उभ्या राहायच्या. साहेबांना थेट स्वयंपाकघरात जाऊन बसेल अशी बाई हवी होती, आणि सीमेकडच्या गावांसाठी तिला कानडी यायला हवं होतं. शांतव्वा दहावी झालेली. मल्लेश दोन दिवस कुरकुरला आणि मग जा म्हणाला.

या गोबरगॅसची एक अडचण होती. ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरं, त्याची शेगडी दोन्ही वेळा पेटायची, पण त्या घराला मदतीची फारशी गरज नसायची. गरज असायची ती एका म्हशीवाल्याला. आणि एका म्हशीच्या शेणावर सकाळच्या भाकरी झाल्या तर संध्याकाळी जाळ विझून जायचा. उपाय एकच होता. घरामागं संडास बांधायचा आणि त्याचा पाइप त्याच टाकीत सोडायचा. मग एका म्हशीवरही घराचं भागायचं, आणि बायकांचं पहाटे नदीच्या वाटेला जाणंही थांबायचं.

हे ऐकलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. शांतव्वा मात्र न डगमगता सांगायची, "वांग्याला खत घालतासा ते कशाचं असतंय? ते वांगं खातासा का न्हाय? ह्यो तर नुसता वायू हाय. टाकीतला माल टाकीतच ऱ्हातोय. शेगडीला येतोय तो निळा जाळ, त्याला ना वास, ना धूर." ती हे इतकं पटवून सांगायची की दाराआडच्या बायका हळूहळू पुढं सरकून बसायच्या.

आणि ती स्वतः त्या शेगडीवरचा चहाचा घोटही घ्यायची नाही.

तिनं हे ठरवून केलेलं नव्हतं. पहिल्याच घरात कप समोर आला तेव्हा तिनं तो नुसताच हातात धरून ठेवला. टाकीत काय असतं, काय नसतं, हे तिला सगळं माहीत होतं. तरी तो घोट आत जाईना. "चहानं पित्त हुतंय मला," ती म्हणाली. पुढच्या घरीही तेच म्हणाली आणि मग ते तिचं कायमचं झालं. जेवायला कुणी थांबवलं तर उपास सांगायची. एकदा अंबूबाई नावाची एक फटकळ बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्का, तुमचा रोजच सोमवार असतोय का वो?" बायका हसल्या, शांतव्वाही हसली. परत येताना एस्टीत तिचे कान तापले होते.

घरी तर याबद्दल बोलायचीच सोय नव्हती. सासू गौरव्वा तिच्यासाठी मागच्या दारात पाण्याची बादली भरून ठेवायची. अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही. मल्लेशनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "काम कर, पण दुकानात त्याचं नाव काढू नको. संडासाच्या गॅसवालीच्या घरचा खवा म्हटल्यावर गिऱ्हाईक उभं राहील का?" शांतव्वाला ते पटलं होतं. घरामागं खव्याच्या भट्टीपलीकडं एक टाकी सहज बसेल एवढी मोकळी जागा होती, पण तिकडं तिनं त्या नजरेनं कधी बघितलं नव्हतं.

शिरोळकडच्या माळवाडीत तिला चिमणाबाई भेटली. नवरा बाळासो वीटभट्टीवर कामाला, दारात एक म्हैस, आणि लग्नाला आलेली मुलगी, अनुजा. जळणासाठी माय-लेकी उसाचं पाचट गोळा करायला जायच्या आणि दुसऱ्याच्या बांधावर बोलणी खायच्या. धुरानं चिमणाबाईचे डोळे कायम लाल असायचे. बोलता बोलता ती पदरानं डोळे टिपायची, आणि नवख्या माणसाला वाटायचं की बाई रडते आहे.

तिनं शांतव्वाचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "अक्का, तुमी सांगताय म्हंजे त्यात वंगाळ काय न्हाय न्हवं?"

"काय न्हाय. माझ्यावर इस्वास ठेवा," शांतव्वा म्हणाली.

गल्लीत पहिली टाकी चिमणाबाईच्या दारात खणली गेली. बाळासोनं भट्टीवरून आल्यावर स्वतः माती उपसली. संडासाला दार बसलं. टाकीत शेण कालवून भरलं, ते मुरलं, आणि एके दिवशी नळीला गॅस आला. शेगडी पेटवायला उदयसिंह साहेब कोल्हापूरहून आले. सगळी गल्ली दारात उभी होती. पोरं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. काडी लावली, निळा जाळ फुलला आणि चिमणाबाई तोंडावर हात ठेवून तशीच बघत राहिली.

तिनं साहेबांसाठी चहा टाकला. साहेबांनी तो फुंकून प्यायला आणि चांगला झालाय म्हणाले. मग तिनं शांतव्वापुढं एक ग्लास धरला. त्यात त्याच जाळावर तापवलेलं दूध होतं.

"तुमाला चहानं पित्त हुतंय म्हनून सकाळची धार येगळी काढून ठेवलीती," ती म्हणाली. "साखर घाटलीया."

दुधाला नाही म्हणायला शांतव्वाकडं कारण नव्हतं. तिनं ग्लास घेतला. घरात तोच एक स्टीलचा ग्लास असावा, बाकीच्यांना चहा कपांतून मिळाला होता. तिनं तो ओठापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्याकडंच बघत होत्या. साहेब पुरुष, शहरातले, त्यांनी काय खाल्लं-प्यायलं याला मोल नव्हतं. या बाईचं काय होतंय ते त्यांना बघायचं होतं.

"लई गरम हाय, निवू दे जरा," म्हणत तिनं ग्लास खाली जमिनीवर ठेवला आणि शेगडीचा कॉक कसा बंद करायचा ते चिमणाबाईला दाखवायला लागली. मग साहेबांची जीप निघाली, त्या गडबडीत तीही उठून जीपमध्ये बसली. वळणावर जीप गेली तेव्हा तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला.

पुढं महिनाभर तिचं माळवाडीला जाणं झालं नाही. गेली तेव्हा तिला वाटलं होतं की गल्लीतली आणखी चार घरं तयार झाली असतील. चिमणाबाईच्या छपरातून धूर निघत होता.

आत चूल पेटली होती. कोपऱ्यात शेगडी पोत्यानं झाकून ठेवली होती. मागं जाऊन बघितलं तर संडासाचा पाइप काढलेला, तोंडाला चिंध्यांचा बोळा, आणि दाराला बाहेरून कडी. अनुजा शांतव्वाला बघून घरामागं निघून गेली.

"काय झालं, चिमणाबाई? गॅस कमी पडतोय का?"

"न्हाय. गॅस चांगला हुता." चिमणाबाईनं भाकरी थापायची थांबवली नाही. "पोरीचं जमलंतं. राधानगरीकडचं स्थळ. सुपारी फोडायला पावणं आलतं. झुंबरबाईनं त्यास्नी आधीच गाठलं."

झुंबरबाई म्हणजे शेजारीण. तिनं पाहुण्यांना वाटेतच सांगितलं होतं की त्या घरात संडासाच्या जाळावर रांधतात. पाहुणे घरात आले, बसले, पण पोह्यांच्या बशा कुणी उचलल्या नाहीत. मुलाच्या आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. चिमणाबाईनं अनुजाला मागं परसात धाडलं. बाळासोनं साहेबांचं नाव सांगितलं, सरकारी योजना आहे म्हणाला. त्यावर झुंबरबाई दारातूनच बोलली की गॅसवाल्या बाईनं सुदिक दूध तोंडाला लावलं न्हाय, आमी समद्यांनी बघितलंय.

"ती खोटं बोलली असं मला म्हनता आलं न्हाय," चिमणाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी बी बघितलंतं. तुमी गेल्यावर ग्लासाकडं गेलो तर वर साय धरलीती. म्हशीचं दूध, वतून कसं टाकायचं? मीच पिलो ते."

काहीतरी बोलावं म्हणून शांतव्वानं तोंड उघडलं तर कानडी शब्द वर आले, आणि तेही पुरे झाले नाहीत. चिमणाबाईनं चुलीतलं पाचट पुढं सारलं. धूर दोघींच्याही डोळ्यांत गेला.

शांतव्वानं हे घरी सांगितलं नाही, ऑफिसातही सांगितलं नाही. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही आणि तिसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता कोल्हापूरच्या स्टँडवर राधानगरीची एस्टी धरून त्या मुलाच्या घरी गेली. आपण नीट समजावून सांगितलं तर ती माणसं ऐकतील असं तिला वाटत होतं. आजवर तिचं सगळ्यांनी ऐकलं होतं.

तिकडं पाऊस कोसळत होता. मुलाची आई, तानाबाई, ओल्या लाकडांशी झटत होती. घर धुरानं इतकं भरलं होतं की आत बसलेली म्हातारी दिसत नव्हती, नुसती खोकताना ऐकू येत होती.

"या पावणं. कुटनं आलासा?" तानाबाईनं पोतं अंथरलं.

शांतव्वानं सगळं सांगितलं. जाळ कसा शुद्ध असतो, टाकी कशी बंद असते, मुलगी किती गुणाची आहे. तानाबाईनं मधे तोंड घातलं नाही. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या घरात हाय का ह्यो गॅस?"

"न्हाय. आमी गावात ऱ्हातो. जागा न्हाय."

"बरं. मग चिमणाबाईच्या घरात जेवलाय कवा?"

पागोळ्यांचा आवाज चालू होता. शांतव्वाला वाटलं, व्हय म्हणावं. एका शब्दाचं काम होतं आणि पोरीचं लग्न जुळलं असतं. पण ही बाई माळवाडीत निरोप धाडून विचारून घेईल हेही तिला कळत होतं.

"न्हाय," ती म्हणाली.

तानाबाई रागावली नाही. "बाई, तुमी शिकलेल्या. त्यात काय न्हाय हे ठावं असून तुमच्या गळ्याखाली उतरंना. आमी तर अडानी. आमाला कशापायी सांगाय आलासा?" मग ती उठली. "पावसाचं आलाय. चहा घेऊन जावा."

शांतव्वानं तो धुरकटलेला चहा घेतला आणि प्यायला. कप खाली ठेवल्यावर तिला पित्ताची आठवण झाली. परतीच्या एस्टीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. तिनं डोळ्यांत धूर गेलाय म्हणून सांगितलं.

त्यानंतर ती अंबूबाईच्या घरी गेली आणि न विचारता ताटावर बसली. गॅसच्या जाळावरची पिठलं-भाकरी होती. पहिला घास तिनं पाण्याबरोबर ढकलला, दुसरा तसाच गेला. तिसऱ्याला कळलं की पिठल्यात मीठ जरा जास्त आहे. अंबूबाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. "आज सोमवार न्हाय जनू," ती म्हणाली.

एवढंच होतं ते. हीच गोष्ट शांतव्वाला पुढं सगळ्यात जास्त लागत राहिली. पोटात काही ढवळलं नाही, घरी जाऊन काही झालं नाही. महिनाभर आधी हा एक घास तिनं गिळला असता तर एका पोरीचं स्थळ मोडलं नसतं. तिला वाटलं होतं की तिच्या आत काहीतरी फार मोठं आडवं येतंय. ते एका जेवणाएवढंही नव्हतं.

मल्लेशकडं तिनं एकदा विषय काढला. भट्टीमागं आपणही टाकी बांधू, संडासासकट. मल्लेश कढईत उलथणं फिरवत होता, तो थांबला. "आणि खवा?" त्यानं विचारलं. सासू आतून कानडीत म्हणाली की मी जिवंत आहे तोवर नाही. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत शांतव्वाला झाली नाही. लोकांच्या घरी बोलताना मात्र आता ती आधीच सांगून टाकायची, "माझ्या घरात न्हाय. घरची ऐकत न्हाईत." त्यामुळं तिची कामं कमी व्हायला लागली. साहेब म्हणाले, असं कशाला सांगता? ती तरी सांगतच राहिली.

२००५च्या पुरात कुरुंदवाडात पाणी शिरलं. मल्लेशची भट्टी गेली, कढया तरंगत गेल्या, आणि त्यांनी कित्येक दिवस एका शाळेत काढले. गौरव्वा त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. पाणी ओसरल्यावर संस्थेनं शांतव्वाला निरोप दिला. काठच्या गावांत टाक्या गाळानं भरल्या होत्या. लोकांची लाकडं कुजली होती, रॉकेल मिळत नव्हतं. टाक्या उपसून लवकर चालू केल्या तर निदान भाकरी तरी होणार होत्या. गवंडी पुरे पडेनात, म्हणून शांतव्वानंही पदर खोचला. बादल्यांनी गाळ आणि संडासाची घाण उपसताना तिचे हात कोपरापर्यंत माखायचे. लोक बघायचे. तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटायची. चिमणाबाईनं हे बघावं म्हणून आपण करतोय की काय, असं तिच्या मनात यायचं.

माळवाडीत ती शेवटी गेली. चिमणाबाईची चूल पुरात विरघळून गेली होती. इतक्या वर्षांत शांतव्वा तिच्या दारावरून कितीदा गेली होती, कधी आतही गेली होती. चिमणाबाई दर वेळी बसा म्हणायची, पाट द्यायची, पावसा-पाण्याचं बोलायची. पण स्थळ मोडल्यापासून तिनं शांतव्वाला चहा विचारला नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नव्हता. कोल्हापूरकडच्या घरात आलेल्या माणसाला असं परत पाठवत नाहीत. शांतव्वानं एकदा मुद्दाम, तहान लागलीया, म्हटलं होतं. चिमणाबाईनं अंगणातल्या नळाकडं बोट दाखवलं होतं.

"पाइप पुन्ना जोडायचा का?" शांतव्वानं विचारलं.

"जोडा. पोरगी गेली तिच्या घरला. आता कुनाला दावायचं हाय?" चिमणाबाई म्हणाली. "धुरानं डोळं गेल्यात निम्मं. त्यापायी जोडत्यो. तुमच्या सांगन्यावरनं न्हवं."

शांतव्वानं आणि गवंड्यानं मिळून दोन दिवसांत टाकी साफ केली. पुढं गॅस आला तेव्हा तिथं कुणी साहेब नव्हता, गल्ली जमली नव्हती. चिमणाबाईनं काडी लावली, तवा ठेवला, आणि म्हणाली, "बरं हाय की. जावा आता, तुमची एस्टी चुकंल." शांतव्वाला माफी मागायची होती. शब्द तिनं कितीदा जुळवून ठेवले होते. चिमणाबाईनं पाठ फिरवून पिठात हात घातला, आणि शांतव्वा चपला घालून निघाली.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी राजारामपुरीत ऑफिसच्या खालच्याच दवाखान्यात ती गुडघे दाखवायला गेली होती. बाकावर शेजारी एक बाई तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसली होती. तिनं शांतव्वाला न्याहाळलं आणि एकदम पाया पडायला वाकली.

"अक्का, वळखलं न्हाय? मी अनुजा. माळवाडीच्या चिमणाबाईची."

ती गडहिंग्लजकडं दिली होती. नवरा जोतीराम ट्रॅक्टर चालवायचा. सुखात आहे म्हणाली. मग म्हणाली, "आई सांगती, तुमी आमच्यापायी राधानगरीपतोर गेलता. एवढ्या पावसात. कोण करतंय वो असं?"

शांतव्वानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. चिमणाबाईला कधी कळलं, कुणाकडून कळलं, तिला ठाऊक नव्हतं. आणि कळूनही तिनं मुलीला तेवढंच सांगितलं होतं. दुधाचं सांगितलं नव्हतं.

"ते स्थळ कशापायी मोडलं ते आई सांगतच न्हाय," अनुजा पोराच्या कपाळावरची पट्टी बदलत म्हणाली. "त्या गॅसचं निमित्त हुतं हे ठावं हाय. पर साहेब तर पिलंतं चहा. मग लोकांनी का ऐकलं न्हाय म्हंते मी. तुमाला म्हाईत असंल."

तिचा चेहरा मोकळा होता. झुंबरबाई काय बोलली ते आईनं तिच्या कानावर येऊ दिलं नसावं, तिला खरंच ठाऊक नव्हतं. आता सांगायला काहीच आडवं नव्हतं, सासू नव्हती, गल्ली नव्हती, मोडायला स्थळ नव्हतं. शांतव्वानं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"लोकांचं काय सांगावं, बाळ," ती म्हणाली. "लोकांची डोस्की तसलीच."

अनुजानं मान डोलावली. खरं आहे म्हणाली. आतून कंपाउंडरनं तिच्या पोराचं नाव पुकारलं. "बसा हं अक्का, आलोच," म्हणून ती लगबगीनं पडद्याआड गेली. शांतव्वाचा नंबर तिच्या पाठोपाठच होता. ती उठली, भिंत धरत पायऱ्या उतरली आणि रस्त्यावर येऊन पहिल्या दिसलेल्या रिक्षाला हात केला.